चंद्रकूपावर बोलायची गोष्ट

दांडीच्या शाळेत मी एकसष्ट साली रुजू झालो, तेव्हा समुद्र मला फक्त नकाशातला ठाऊक होता. मी नगरकडचा. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की लोक पेढे वाटतात. इथे दारापर्यंत पाणी आणि त्यातला घोटभर पिता येत नाही, याचा मला पहिले काही दिवस चक्क राग आला. त्यात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. आठ दिवस मी चहाबटरवर काढले. नवव्या दिवशी भुकेने माझं सोवळं सोडवलं आणि दहाव्या दिवशी मी कालवण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ते कालवण चिमीबायच्या हातचं. मी राहत होतो देवू तांडेलाच्या पडवीत; तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं होती. एका घरात देवू एकटा. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती. समोरच्या घरात चिमीबाय एकटी. तिचा नवरा चिंतू म्हणजे देवूचा धाकटा भाऊ. तो अडतीस साली समुद्रात गेला. गावात ती हकिकत सगळे एकाच तऱ्हेने सांगत. देवूची बोट परतीच्या वाटेवर वादळात सापडली. बोटीच्या मागे दोराने बांधलेली होडी होती, होडीत जाळी होती आणि जाळी सांभाळायला चिंतू. दोर तुटला. दोघे खलाशी पुढे शिडाशी झुंजत होते, त्यांना मागचं काही दिसलंच नाही. देवू सुकाणूवर होता. होडी गेली, तिच्याबरोबर चिंतू गेला, बाकीचे तिघे जिवंत परतले.

त्या घरची एक जुनी रीत होती. भावजयीने भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडासमोर बोलायचं नाही. चिमीबाय पदर कपाळावर ओढून अंगणातल्या कोंबडीला सांगायची, "पेज निवते म्हनावा." देवू भिंतीकडे बघून म्हणायचा, "आज मीठ कमी पडलाय." भरतीची वेळ, घरावर घालायचा पेंढा, पाहुण्यांचा निरोप, सगळं असंच चाले. मी आलो आणि कोंबडी या कामातून मोकळी झाली. दोघांच्या मध्ये दहा पावलांचं अंगण आणि त्यात निरोप वाहणारा मी. मास्तराला गावात मान असतो म्हणतात, तो हा.

देवू उंच, वाळलेला आणि कमी बोलणारा माणूस होता. बोट त्याने कधीच विकली होती. दिवसभर जाळी दुरुस्त करायचा आणि उन्हं उतरली की खडकावर जाऊन बसायचा. तोंड नेहमी वायव्येला. गावच्या देवाला पाठ झाली तरी फिकीर नाही. एकदा मी त्याला छेडलं, "देवूकाका, तिकडे कोण सासुरवाडी आहे का?"

तो हसला नाही. म्हणाला, "तय हिंगळाज हाय."

मग त्याने सांगितलं. पंधरा वर्षांचा असताना तो सुका तांडेलाच्या गलबतावर होता. लाकूड भरून गलबत कराचीला गेलं. माल उतरवून परतीचा माल मिळेपर्यंत महिना जाणार होता, तेव्हा सुका तांडेल खलाशांना घेऊन हिंगळाजच्या देवीला निघाला. उंटाची वाट, जाऊन यायला वीस-बावीस दिवस. पण गलबत राखायला कुणीतरी पाहिजे आणि ते काम सगळ्यांत धाकट्याचं, ही दर्यावरची रीत. देवू मागे राहिला. "तुजा पाय पुढल्या खेपेला," सुका तांडेल म्हणाला होता.

परत आल्यावर सुकाने त्याला पांढऱ्या दगडी मण्यांची एक माळ दिली आणि चंद्रकूपाची गोष्ट सांगितली. देवीच्या आधी चिखलाचा एक डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर चिखल भाताच्या हंडीसारखा रटरटत असतो. तिथे उभं राहून माणसाने आपलं पाप मोठ्याने बोलायचं, नावगाव घेऊन, काही न लपवता. चिखलाला उकळी आली तर पाप घेतलं आणि पुढे देवीकडे जायची मोकळीक. लपवलं तर चिखल थंड पडतो. मग तसंच माघारी फिरायचं.

"त्या वक्ताला माजं काय पाप असनार?" देवू म्हणाला. "मी नुसता ऐकला. आता मात्र मना तय एक गोट बोलायची हाय."

मी तेव्हा पंचविशीतला, शिकलेला, आणि त्यामुळे थोडा मूर्ख. म्हटलं, "अहो, पाप सांगायला उंटावरून कशाला जायला पाहिजे? देव काय इथे नाही? काखेत कळसा नि गावाला वळसा."

"हय बोललो तर मानसाला ऐकू जाईल, गुरुजी. तय फकस्त ती ऐकते."

मी मनात म्हटलं, असेल कुणाचं जाळं चोरलेलं, किंवा तरुणपणी केलेली एखादी भानगड. एवढ्यासाठी माणूस इतकी वर्षं झुरतो याचं मला नवल वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडी मौजही वाटली. मधल्या काळात तो का गेला नाही? तर चिंतू गेल्यावर दोन घरांचं पोट त्याच्यावर आलं. मग महायुद्ध आलं. "आवंदा जाईन, पुढल्या वर्साला जाईन करता करता मुलूखच दुसऱ्याचा झाला," तो म्हणाला. देवी पाकिस्तानात गेली आणि देवू दांडीत राहिला.

आता जायचं तर पासपोर्ट हवा. मी अर्ज लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे, याचा मला फार अभिमान होता. बासष्ट साली पहिला अर्ज गेला. जन्माचा दाखला नाही म्हणून परत आला. दाखला कुठून आणणार? जन्म प्लेगाच्या साली, एवढंच माहीत. तालुक्याला खेपा घातल्या, प्रतिज्ञालेख केला, पुन्हा पाठवला. मग चौकशीला जमादार आला. "म्हातारबा, पाकिस्तानात काय काम काढलंत?" त्याने विचारलं. "देवीला," देवू म्हणाला. जमादार माझ्याकडे बघून डोळा मिचकावून गेला. फोटो काढायला आम्ही पालघरला गेलो. चिमीबायने माझ्याकडे धुतलेला सदरा पाठवला होता. फोटोवाल्याने हसा म्हटलं, तर देवूने डोळेच मिटून घेतले.

त्याच सुमारास एका सकाळी बोंबील निवडता निवडता चिमीबायने मला विचारलं, "भासऱ्यांना तय कशाला जायाचा हाय म्हनं?"

"नवस असेल," मी म्हटलं.

"तुमी तेंनाच इचारा. माजं नाव सांगा."

मी दहा पावलं चाललो आणि निरोप दिला. देवूच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. बराच वेळ तो समोरच्या घराकडे बघत होता. मग म्हणाला, "सांगा तिला, देवीचं बोलावनं हाय."

मी परत दहा पावलं चाललो. चिमीबायने ऐकलं, एका बोंबलाचं डोकं मोडलं आणि म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. मी शाळेची घंटा द्यायला गेलो.

वर्षं अशीच चालली. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम निघालं. बोईसरला उतरणाऱ्या माणसांत हिंदी ऐकू येऊ लागली, दांडीतली पोरं तिकडे रोजावर जाऊ लागली. देवूला त्याचं सोयरसुतक नव्हतं. टपालवाला आला की तो पडवीच्या खांबाला धरून उभा राहायचा. पासष्टच्या श्रावणात एकदाचा पासपोर्ट आला. देवूने तो दोन्ही हातांत धरला, उलटा. मी सुलटा करून दिला. "ह्याच्यात देवीचं नाव कुटं हाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, देवीचं नाव नसतं, देशाचं असतं. आता पलीकडच्या सरकारची परवानगी मागायची की झालं. त्याने पासपोर्ट त्या पांढऱ्या माळेबरोबर फडक्यात गुंडाळला. त्या संध्याकाळी तो माझ्याशी चक्क गप्पा मारत बसला. उंटावर बसलं की पोटात ढवळतं का, असं त्याने मला विचारलं. मी तरी उंट कुठे पाहिला होता? तरी म्हटलं, गलबतापेक्षा बरं.

पुढच्याच महिन्यात लढाई पेटली. किनाऱ्यावर दिवे लावायला बंदी आली. रात्री अंधारात माणसं कुजबुजायची, आणि देवू त्या वायव्येच्या काळोखाकडे बघत बसलेला असायचा. कुणीतरी टवाळाने विचारलंही, "काय तांडेल, तुजी देवी कोनाच्या बाजूनं हाय?" देवू उठून घरात गेला.

लढाई थांबली, पण वाट बंदच राहिली. हे मला स्वच्छ दिसत होतं. मी रोज वर्तमानपत्र वाचणारा माणूस. तरी देवू विचारायचा, "गुरुजी, काय लिवलंय?" आणि मी म्हणायचो, "बोलणी चाललीत. उघडेल वाट." माणसाला आशेवर ठेवणं म्हणजे पुण्याचं काम, अशी माझी समजूत. त्याचा चेहरा जरा उजळायचा आणि मला माझंच कौतुक वाटायचं.

एकदा चिमीबायने मला दारात अडवलं. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "गुरुजी, तेंना आशा लावू नका. वाट बंद झाली म्हनून सांगा. खरं ता सांगा."

"तुमचं काय जातं?" मी तडकलो. "म्हाताऱ्याला तेवढाच एक आधार आहे."

"तो आधारच सुटू दे," ती म्हणाली.

काय दगड बाई आहे, असं वाटलं मला. ज्याने तीस वर्षं पोसलं त्याचं एवढंसं सुखही हिला बघवत नाही! पुढे आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो.

सदुसष्टच्या पौषात देवूच्या छातीत कफ भरला. पालघरच्या डॉक्टरने औषध दिलं, पण माणूस खंगतच गेला. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने मला जवळ बोलावलं. उशाला ते फडकं होतं. चिमीबाय पेजेची वाटी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. रीतीप्रमाणे आत आली नव्हती.

"गुरुजी," देवू म्हणाला, "वाट नायच उघडायची ना?"

त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून ते दाराकडे लागले होते. हे मला त्या वेळी दिसलं, पण कळलं नाही. मी त्याचा हात थोपटला आणि माझ्या सगळ्यांत गोड आवाजात म्हणालो, "असं का म्हणता? पुढच्या वर्षी नक्की. मी स्वतः येतो ना तुमच्याबरोबर."

देवूचे ओठ उघडले होते, ते मिटले. त्याने डोळे परत आढ्याकडे नेले. "मग पुढल्या वर्साला," तो म्हणाला. दिवेलागणीच्या आत तो गेला.

त्याचे दिवस झाल्यावर मी ते फडकं घेऊन चिमीबायकडे गेलो. माळ आणि पासपोर्ट, दुसरं काही त्याच्यामागे नव्हतं. ती पायरीवर बसली होती. आता पदर कपाळावर नव्हता. आता तो कुणासाठी ओढायचा? तिने पासपोर्टातला तो डोळे मिटलेला फोटो बघितला.

"तेंना तय काय बोलायचा होता, मना ठावं हाय," ती म्हणाली.

मी खालच्या पायरीवर टेकलो.

"काथ्याचा दोर तुटला ना, गुरुजी, तर टोकाला दाढी फुटते. पिंजारतो तो. त्या दिवशी बोट लागली तवा मी धावत गेले. बोटीला दोराचा तुकडा लोंबत होता. त्याला दाढी नव्हती. कोयत्यानं कापलेला, सरळ." तिने बोटाने हवेत एक रेघ ओढली. "होडीत पानी भरलं असनार. बोटीला वडून खाली नेत असनार. नाय कापला असता तर चौघंबी गेले असते. मी कोळ्याची पोर, मना काय ता समजत नाय? पंच बोट बगायला येनार होते. त्यांच्या आधी तो तुकडा सोडून आनला नि चुलीत घातला."

"तुम्ही?"

"मग? एक तर गेला व्हता. दुसऱ्याला बी वाळीत टाकू देऊ?" मग एकदम तिचा आवाज फुटला. "पन तेनी एकदा मना बोलायला पायजे व्हतं, गुरुजी. एकदा. चिमे, मी कापला, येवडाच. मी थोडीच काय म्हननार व्हते? तीस वर्सं मी ह्या पायरीवर वाट बगितली. वाट बंद झाली असती तर बोलले असते ते. कुटं जानार व्हते दुसरीकडं?"

पेजेची वाटी घेऊन ती दारात उभी होती ती दुपार, त्याचे उघडलेले ओठ, माझा गोड आवाज, सगळं एकदम समोर आलं. माझ्या सुंदर अक्षरातले ते सगळे अर्जही आठवले. "मला माहीत नव्हतं," असं काहीतरी तोंडातून निघालं.

चिमीबायने माळ आणि पासपोर्ट पुन्हा फडक्यात बांधला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सा वर्सं तुमी हयचा निरोप तय नेलात नि तयचा हय आनलात. मिठाचा आनलात, भरतीचा आनलात. ह्यो येकच रायला."

एवढं बोलून ती उठली. संध्याकाळ होत आली होती. तिने अंगणात दाणे टाकले आणि कोंबड्यांना म्हणाली, "चला ग आत. आता कोनाला काय सांगायचा नाय."