करानीनं पानाला तोंड लावलं नाही

न्यागुथी या नावाचा अर्थच मुळी 'जाणारी'. बाईनं एकसष्ट वर्षं ते नाव इमानानं चालवलं होतं. सहा वर्षं संसार केला आणि मुलीला पाठीला बांधून नवऱ्याच्या घरातून निघाली. रुइरूला कॉफी तोडली, नाकुरूला लोकांचे कपडे धुतले, मोंबासाला एका हॉटेलच्या मागच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं काढली आणि तिथल्या उकाड्याला वैतागून परत डोंगरात आली. मग मुकुरवेइनीच्या एका निवासी शाळेत स्वयंपाकीण म्हणून लागली ती तब्बल सव्वीस वर्षं टिकली. नातेवाइकांना याचं फार नवल वाटायचं. खरं तर त्यात नवल काही नव्हतं. तीनशे पोरांचा मका-घेवडा ढवळायचा म्हणजे दिवसभर पायावर उभं राहावं लागतं, आणि तिला बसायचं सोडून काहीही चालत होतं.

निवृत्त झाली तेव्हा शाळेनं तिला एक घोंगडी, एक मोठं पातेलं आणि मुलांनी पाळलेल्या सशांपैकी एक ससा दिला. ससा पातेल्यासाठीच होता, हे सगळे धरूनच चालले होते. पण सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी चूल पेटवलेल्या बाईला एकटीसाठी ती पेटवायचा कंटाळा आला. आज नको, रविवारी बघू, असं करता करता ससा घरात रुळला. मागच्या दोन पायांवर बसून पुढचे पंजे छातीशी धरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, की तिला चीफच्या कचेरीतला कारकून आठवायचा. म्हणून त्याचं नाव पडलं करानी, म्हणजे कारकूनच. नाव पडल्यावर पातेल्याचा विषय संपला.

तरी तिच्या पायाची भिंगरी काही थांबली नाही. आज या गावी मयत, उद्या त्या गावी लग्न, परवा बहिणीकडे नान्युकीला. मुलगी वांजेरी नाकुरूहून फोन करायची तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायची, "आई, आज कुठल्या गावाहून बोलतेयस?" सशाची सोय शेजारच्या गाचांजाकडे असायची. हा माणूस चाळीस वर्षं बस चालवून घरी बसलेला. बायको गेलेली, मुलगा मुगो नैरोबीत. एक जुनी पिकअप होती, तिच्यातून आठवड्यातून तीनदा करातिनाच्या बाजारात अॅव्होकाडोच्या पेट्या न्यायचा, आणि उरलेला वेळ बोलण्यात घालवायचा.

जुलैतली गोष्ट. त्या दिवसांत आमच्या डोंगरात दहा वाजेपर्यंत धुकं हलत नाही. बुधवारी संध्याकाळी न्यागुथी तीन दिवसांनी नान्युकीहून परतली. दमली होती. करानीपुढे गवत टाकलं आणि झोपली. गुरुवारी सकाळी तिनं मागचं दार उघडलं आणि रताळ्याचे वेल हातात धरून थांबली. एरवी वेलांचा वास आला की हा पायात घुटमळायचा, चालू द्यायचा नाही. आज आला नाही. पाण्याच्या पिंपामागे कोपऱ्यात पाठीचं कुबड काढून बसला होता.

"काय साहेब, आज सुट्टी?" तिनं विचारलं आणि पान त्याच्या नाकाशी धरलं. त्यानं तोंड फिरवलं.

तिनं खाली बघितलं. रोज सकाळी त्याच्या पेटीजवळ मूठभर लेंड्या झाडायच्या असायच्या. आज झाडायला काहीच नव्हतं. चार-पाच होत्या, त्याही मिरीच्या दाण्याएवढ्या, वाळलेल्या. कालचं गवतही जसंच्या तसं पडलेलं. तिनं त्याचे कान हातात घेतले. गार. कान लावून ऐकलं तर तो दात खात होता, बारीक करकर आवाज, थांबून थांबून.

शाळेत तिच्या स्वयंपाकघराला लागूनच सशांची खुराडी होती आणि शेतीचे मास्तर थेउरी पोरांना जे शिकवायचे ते तिच्या कानावर पडायचंच. मास्तर म्हणायचे, ससा दुखणं लपवतो. तो दाखवायला लागला की समजायचं, आधीच उशीर झालाय. खाणं थांबलं आणि लेंड्या थांबल्या, की आतडं थांबलं. संध्याकाळची वाट बघायची नाही. हे सगळं तिनं ऐकलं होतं, आणि तरी एका शुक्रवारी पोरं सांगत आली की करडी मादी खात नाहीये, तेव्हा मास्तर गावाला गेलेले होते आणि हीच म्हणाली होती, "खाईल रात्री, जा अभ्यासाला." शनिवारी पोरांनी खुराड्यातून मेलेली मादी काढली. कुणी तिला काही बोललं नाही. पोरं काही दिवस जेवायला आली की तिच्याकडे न बघता ताट पुढे करायची, एवढंच.

ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शाल घेतली, ठेवली. शेवटी तिनं एका बाटलीत कोमट पाणी भरलं, ती फडक्यात गुंडाळली आणि करानीला बाटलीसकट शालीत घेऊन गाचांजाचं कुंपण गाठलं.

गाचांजा पेट्या भरत होता. त्यानं शालीत डोकावून बघितलं.

"वांजेरीची आई, गाय फुगली की आपण काय करतो? मगाडीचं पाणी आणि वर तेल. याला चमचाभर पाजा, दुपारपर्यंत उड्या मारेल."

तिला ते पटलंही. गायींचं तिनं पाहिलेलं होतं. गाचांजाच्या घरात मगाडीचा सोडा होता, तेलही होतं; त्यानं ते कालवून आणून दिलं. तिनं चमचा करानीच्या ओठांशी नेला. पाणी गालावरून ओघळलं, त्यानं गिळलं नाही, उलट फुरफुरला आणि नाकातून बुडबुडा आला. तिनं चमचा फेकून दिला. "हा गुदमरून मरेल आधी," ती म्हणाली. सशाला उलटी करता येत नाही, हेही मास्तरांचंच.

मग तिनं चौकातल्या गुरांच्या औषधांच्या दुकानात फोन लावला. दुकानदार हसला. "बाई, ससा आहे ना? मरायच्या आत कापा, नाहीतर मांसही वाया जाईल." ती फोन ठेवत नाही हे बघून तोच ओशाळला. म्हणाला, करातिनाला बाजाराच्या मागे मुकामी नावाची डॉक्टरीण आहे, ती कुत्र्या-सशांचंही बघते. नंबर देतो.

"मुगोचे बाबा, गाडी काढा."

"पेट्या अर्ध्या भरल्यात अजून."

"अर्ध्याच न्या."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि वाद घातला नाही.

रस्ता ओला, लाल चिखलाचा. गाडी घसरत, अडखळत चालली. न्यागुथी दर दोन मिनिटांनी शालीची घडी उघडून बघायची आणि मिटायची. गाचांजा आधी नेहमीसारखा बोलत होता. "चाळीस वर्षांत मी मंत्री नेले, नवरदेव नेले, एकदा तर बकऱ्याला शेजारच्या सीटवर बसवून नेलं. ससा पेशंट म्हणून पहिल्यांदाच." ती हसली नाही. करातिनाच्या अलीकडे गाड्या थांबल्या. बाजाराचा दिवस, कांद्याचा ट्रक आडवा झालेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती दाराची कडी उघडायची, बंद करायची.

"मी चालत जाते."

"तीन मैल आहे."

"तीन मैल काय मला नवे आहेत?"

"तुम्हाला नाहीत. त्याला हिसके बसतील."

ती पुन्हा बसली. गुडघा मात्र हलतच होता. गाचांजाही आता गप्प झाला होता, आणि तो गप्प बसला की काहीतरी असतं हे तिला ठाऊक होतं. त्यानं समोरच्या ट्रककडे बघत सांगितलं.

"मी त्याला पाव दिला. सोमवारपासून. सकाळ-संध्याकाळ. चहात बुडवून."

तिनं उघडलेली शालीची घडी मिटली.

"आणि काल दुपारी चपाती. थोडा मकाही, उकडलेला. तुम्ही ठेवलेलं गवत त्यानं अर्धंच खाल्लं. पाव मात्र कसा हातातून घ्यायचा, वांजेरीची आई. मांडीवर चढायचा. मला वाटलं, पाहुणा आहे, तेच तेच गवत कशाला."

ट्रक सरळ व्हायला लागला होता. पुढच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. न्यागुथीला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण गवताचा भारा तिनंच बांधून ठेवला होता, आणि काय द्यायचं नाही ते तिनं सांगितलंच नव्हतं. बस पकडायची घाई होती.

"हे डॉक्टरणीला सांगा," ती म्हणाली. "जसंच्या तसं. पाव किती, चपाती कधी. मला सांगून काय उपयोग."

दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली आणि बाहेर बाक. डॉक्टरीण नव्हती. तिची गाडी पहाटेच कुणाच्या तरी अडलेल्या गायीकडे गेली होती. न्यागुथीनं फोन लावला. पलीकडून आधी गायीचं हंबरणं ऐकू आलं, मग दमलेला तरुण आवाज.

"शेवटचं कधी खाल्लं? लेंडी? पोट दाबून बघा आजी, हलक्या हातानं. ढोलासारखं ताठ लागतंय का?"

"नाही. मळलेल्या पिठासारखं लागतंय."

"मग आपल्याकडे वेळ आहे, थोडा. मी येईपर्यंत तोंडात काही घालू नका. उबेत ठेवा. आणि त्याला घेऊन येरझाऱ्या घालू नका. घाबरला की आतडं आणखी आखडतं. एका जागी बसा. शांत बसा. पोट ताठ झालं तर लगेच फोन करा."

ती बसली. डावा पाय दहा मिनिटांत बधिर झाला. समोरून बाजार वाहत होता. गाजरांच्या गोण्या, जुन्या कपड्यांचे ढीग, कोंबड्या उलट्या धरून चाललेल्या बायका. एकदोघींनी ओळखून हाक मारली, "न्यागुथी, आज बसलीस? बरी आहेस ना?" तिनं नुसती मान हलवली. शालीखाली हात त्याच्या पाठीवर होता आणि त्याचं काळीज इतकं भराभर धडधडत होतं की ठोके वेगळे लागतच नव्हते. मुलगी पाठीला होती तेव्हा, तापात, नाकुरूच्या दवाखान्याबाहेर, तिचंही काळीज असंच धडधडत होतं. तेव्हा न्यागुथी रात्रभर चालली होती. पोर रडायचं थांबत नव्हतं, हिचे पाय थांबत नव्हते. पोर वाचलं. म्हणून तिला कायम वाटत आलं होतं, की चाललं की वाचतं माणूस. आता उठता येत नव्हतं. तिनं दात आवळून धरले.

गाचांजा मात्र येरझाऱ्या घालत होता. दोनदा तो गरम पाणी आणून बाटली भरून गेला. पेट्या त्यानं कुणाला तरी तशाच देऊन टाकल्या असाव्यात. तिनं विचारलं नाही.

दीड तासानं डॉक्टर मुकामी आली. गुडघ्यापर्यंत गमबूट, कोपरापर्यंत धुतलेले हात, चेहऱ्यावर झोप. तिनं आधी करानीचे दात बघितले, मग पोट दाबलं, मग दोन्ही बाजूंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"आत काही वाजतच नाहीये," ती म्हणाली. "बाजार बंद. काय खाल्लं होतं?"

गाचांजानं टोपी काढली आणि सगळं सांगितलं. चहाची साखरसुद्धा. डॉक्टरीण हसली नाही, रागावलीही नाही. तिनं फक्त विचारलं, चपाती काल किती वाजता, आणि तेल होतं का. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी दुसरंच शोधत बसले असते. अडकलेलं काही हाताला लागत नाहीये. आतडं थांबलंय. ते चालवायला बघू."

तिनं मानेमागची कातडी उचलून कोमट सलाइन आत सोडलं, तिथं गाठोड्यासारखा फुगवटा आला. मग दुखण्याचं इंजेक्शन, मग आतडं हलवायचं.

"जगेल का?" न्यागुथीनं विचारलं.

"लेंडी दिसेपर्यंत मी काही म्हणणार नाही, आजी. सकाळीच आणलंत, ते चांगलं केलंत. संध्याकाळी आणला असता तर ही सुई मी उघडलीच नसती."

दुपारी दात खाण्याचा आवाज थांबला आणि कान थोडे गरम झाले. डॉक्टरणीनं बिनसुईची सिरिंज दिली, गवताच्या भुग्याची पातळ लापशी कशी करायची ते दाखवलं. गालाच्या बाजूनं, थेंब थेंब, तो चघळेल तेवढंच. दर तीन तासांनी. मध्ये मध्ये जमिनीवर सोडून हिंडवायचा. "आता चाललं तर चालेल," ती म्हणाली, आणि न्यागुथी दवाखान्यातून बाहेर पडली ती लंगडत, एका पायाला अजून मुंग्या आलेल्या.

शुक्रवारी सकाळपर्यंत काही झालं नाही. तो लापशी चघळत होता पण खाली काही येत नव्हतं. ती अंगणात घिरट्या घालत होती आणि करानी गवतात, तिच्याहून बराच सावकाश. दहा वाजता, धुकं फाटता फाटता, तिला गवतात काहीतरी दिसलं. ती खाली वाकली, मग गुडघ्यांवरच बसली. पाच. लहान, वेड्यावाकड्या, एकीला दुसरी केसानं जोडलेली. तिनं डॉक्टरणीला फोन केला. "पाच," एवढंच म्हणाली. पलीकडून डॉक्टरीण म्हणाली, "झालं. मोठ्या होत जातील."

गाचांजा कुंपणापाशी उभा होता. आत यायला धजत नव्हता. ती त्याच्याशी चार दिवस धड बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं त्याला बोलावलं, पिंपाजवळ बसवलं आणि शाळेतल्या पोरांना शिकवावं तसं शिकवलं. गवत, दिवसभर गवत. रताळ्याचा वेल मूठभर. पाव नाही, चपाती नाही, मका नाही, चहा तर नाहीच. सकाळी आधी खाली बघायचं, मग त्याच्याकडे. कान हातात घ्यायचे.

"आणि मांडीवर चढला तर?" त्यानं विचारलं.

"चढू द्या. हात मात्र रिकामा ठेवा."

ऑगस्टात वांजेरीच्या नणंदेचं लग्न निघालं. न्यागुथी पंधरा दिवस जाऊ की नको करत राहिली. शेवटी पहाटेच्या गाडीनं गेली, आणि मांडवातून दुपारपर्यंत तीनदा फोन केला. वांजेरी वैतागली. "आई, तू लग्नाला आलीयस की ड्यूटीवर?" तिसऱ्या फोनला गाचांजानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"खातोय," तो म्हणाला. "लेंड्याही झाल्यात, चांगल्या टपोऱ्या. मोजून ठेवू का?"

"ठेवा," ती म्हणाली.