पेरूच्या लाकडाचं स्टूल

पॉलिशवाल्याला वास येत नसे. तीस वर्षं थिनर हुंगल्यावर नाक उरतं ते फक्त चष्मा टेकवायला, असं त्याची बायको म्हणायची. ती जाऊन सात महिने झाले होते.

रविवारी सासूबाई येणार होत्या. लेक गेल्यानंतर पहिल्यांदाच. मेहुणीचा फोन आला.

"दाजी, आईचं जेवणावरचं मनच उडालंय. दोन घास खाते नि ताट सारते. काल मात्र आपणहून म्हणाली, ताई करायची तसलं धुरावरचं मटण एकदा खायचंय."

"करतो की."

"तुम्ही? तुम्हाला चहा तरी येतो का?"

"आईंना सांग, करतो म्हणाले."

बोलून गेला आणि मग त्याला घाम फुटला.

मागच्या दारी तिचं पत्र्याचं पिंप होतं. तळाला लाकडं, वर जाळी, त्यावर झाकण. बाजूला तिचं स्टूल. ती हे सगळं करताना त्याने पाहिलं होतं, पण पेपराआडून. मटणाला मीठ चोळून आदल्या दिवशी ठेवायचं. लाकूड पेटू द्यायचं नाही, धुमसत ठेवायचं. पाच तास. एवढं आठवलं. ती प्रत्येक लाकूड नाकाशी धरायची, तेही आठवलं. ती सवय असेल, असं त्याला वाटायचं.

शनिवारी सकाळी अर्धं मटण त्याने तालमीला लावलं. दुकानातले लाकडाचे तुकडे पिंपात घातले. घटकेघटकेला हात झाकणाकडे जाई आणि पाठीमागून आवाज येई, "उघडू नका हो. धूर रुसतो."

तो वळून बघे. स्टूल रिकामं. मघाशी ते भिंतीशी होतं, आता पिंपाजवळ. आपणच सरकवलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याने ते उचलून पुन्हा भिंतीशी ठेवलं. तासाभराने ते पिंपाजवळ होतं. या वेळी त्याने ते तिथंच राहू दिलं.

दुपारी शेजारचा शिंपी चव घ्यायला आला. त्याने घास तोंडात टाकला आणि मोरीकडे धावला.

"अरे बाबा, हे मटण आहे की कपाटाचं दार?"

"बरं नाही झालं?"

"तू खाल्लंस?"

"एक घास. मला काही कळलं नाही."

"तुला कसं कळणार! पॉलिश लावलेली लाकडं जाळलीस तू. फेक ते आधी. सासूला दवाखान्यात न्यायची वेळ आणशील."

पॉलिशवाला तसाच उभा राहिला. ती लाकडं का हुंगायची, ते त्याला आत्ता कळलं. आयुष्यभर ती त्याचं नाक झाली होती.

वखार सोमवारपर्यंत बंद होती. त्याने घरभर कोरं लाकूड शोधलं. खाट, फडताळ, दाराची चौकट, पोळपाटसुद्धा. सगळ्यांवर त्याचा हात फिरलेला. चकचकीत. एकच वस्तू राहिली होती. स्टूल पेरूच्या लाकडाचं होतं. त्यालाही तो एकदा ब्रश घेऊन भिडला होता, तेव्हा तिने हात धरला होता. "घरात एक तरी वस्तू लाकडासारखी दिसू द्या."

रविवारी उजाडताच त्याने करवत काढली. पहिला पाय कापताना त्याने डोळे मिटले. तिचा आवाज आला नाही. चौथा पाय कापला, बैठकीचे तुकडे केले, तरी आला नाही. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

पाच तास तो पिंपाशेजारी जमिनीवर बसला. झाकणाला एकदाही हात लावला नाही. धूर सरळ वर जात होता. गोड की कडू, त्याला कळायला मार्ग नव्हता.

दुपारी फाटक वाजलं. मेहुणीने धरून आणलेल्या सासूबाई अंगणातच थबकल्या. त्यांनी मान वर केली, खोल श्वास घेतला आणि मागच्या दाराकडे बघून हाक मारली, "बाळे, आले गं मी."

मेहुणीने तोंडावर पदर धरला.

सासूबाई भिंतीला धरत मागच्या दारी आल्या. पिंप पाहिलं. जावयाला पाहिलं. मग त्याच्या बाजूची मोकळी जागा.

"जावईबापू, तिचं स्टूल कुठंय?"

त्याने पिंपाकडे बोट दाखवलं.

म्हातारीने वर जाणाऱ्या धुराकडे पाहिलं. मग हळूच त्याच्या शेजारी, खाली जमिनीवर बसली.

"वाढा," ती म्हणाली. "पोटभर वाढा."