नाड्याने बांधलेलं कुलूप

कसबा पेठेतल्या एका बोळात विजयमालाबाईंची खोली आहे. दारावर पाटी आहे: 'मराठी अक्षरजुळणी. शुद्ध काम आमचे, घाई तुमची. दोन्ही एकदम मिळणार नाही.' पाटी वाचून गिऱ्हाईक हसत आत जातं आणि दहा मिनिटांत गप्प होऊन बाहेर येतं. कारण बाई पाटीपेक्षा एक पायरी वरच आहेत. लग्नपत्रिकेत अकरा काकांची नावं घालायला सांगणाऱ्याला त्या शांतपणे विचारतात, "यातले लग्नाला किती येणार आहेत? तेवढेच घालू."

तोंड असं तिखट, पण त्या तोंडाला काही कारण होतं, आणि ते पेठेत कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं आणि बाविसाव्या वर्षी संपलं. "माहेरी जाऊन ये, मी पत्र पाठवतो," नवरा म्हणाला. पत्र आलं नाही, वकिलाची नोटीस आली. माहेरी भावजय ताटात पोळी वाढताना आधी पोळ्या मोजायची. मग बाईंनी एका छापखान्यात नोकरी धरली. खिळे जुळवायचं काम. शिशाचं एकेक उलटं अक्षर उचलायचं, पट्टीत बसवायचं, ओळ भरली की पुढची. सहा महिन्यांत त्यांना उलटा मजकूर सरळ मजकुरापेक्षा भराभर वाचता येऊ लागला.

आणि नशिबाची थट्टा बघा, त्याच छापखान्यात त्यांच्या सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत छपाईला आला! कुलवृत्तांत म्हणजे घराण्यातल्या एकूण एक माणसाची नोंद. कोण कुठे जन्मला, काय शिकला, बायको कुठली, मुलं किती. नवऱ्याचं पान नेमकं बाईंच्याच पुढ्यात आलं. 'पत्नी' या शब्दापुढे दुसरीचं नाव. तीन वर्षं ज्या घरात राबल्या, त्या घराच्या पुस्तकात बाईंना अर्धी ओळसुद्धा नव्हती. बाईंनी ते पान जुळवलं. एकही चूक न करता जुळवलं. फोरमनने सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्या दिवशी घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

पुढे वारं बदललं. बाहेरच्या कंपन्या आल्या, कॉम्प्युटर आले, खिळ्यांचे छापखाने एकामागून एक बंद पडले. बाईंच्या छापखान्यातलं शिसं भंगारात गेलं तेव्हा बाईंची पन्नाशी जवळ आली होती. बरोबरीचे लोक रडत बसले. बाईंनी हाती आलेल्या पैशांतून २००१ साली एक कॉम्प्युटर घेतला आणि मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घेतलं. त्या सॉफ्टवेअरबरोबर बोटाच्या पेराएवढा एक निळा तुकडा आला. तो कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात खोचलेला असला तरच सॉफ्टवेअर उघडायचं. विकणाऱ्याने बजावलं, "बाई, हे याचं कुलूप. हे कधी काढायचं नाही. काढलंत आणि बिघडलं, तर सॉफ्टवेअर गेलं म्हणून समजा."

आता शहाण्या माणसाला एकदा सांगितलं की पुरे. पण बाईंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. पहिल्या दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली, कुलपाला हळदकुंकू लावलं आणि लाल-पिवळा नाडा घेऊन ते कॉम्प्युटरच्या डब्याला घट्ट बांधून टाकलं. पुढच्या दसऱ्याला त्यावर दुसरा नाडा. अशी सहा वर्षं. २००७ सालापर्यंत त्या कुलपाचा निळा रंग कुणाला दिसायचासुद्धा बंद झाला होता. बाईंची भाकरी त्या नाड्याच्या आत होती, त्यामुळे हसायची कुणाची टाप नव्हती.

त्या आधीच्या वर्षी सोनबा आले. येरवड्याच्या पुढच्या एका गावचे. गाव म्हणायचं आपलं जुन्या सवयीने, शहराने ते केव्हाच पोटात घातलं होतं. ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि भावकी पैसे घेऊन चहूकडे पांगली होती.

"आमची पोरं एकमेकांस्नी वळखत न्हाईत, बाई," सोनबा म्हणाले. "लिफ्टमधी भेटत्यात आन् गुड मॉर्निंग करत्यात. सख्खे चुलतभाव हायेत! म्हनून पेठेतल्या लोकांचं असतंय तसलं बुक करायचं हाय, समद्यांच्या नावाचं."

पिशवीतून त्यांनी तेरा वह्या काढल्या. आठ वर्षं दारोदार फिरून लिहिलेल्या. बाईंनी वह्यांना हात लावायच्या आधी अट घातली. "मुली, सुना, टाकलेल्या, परत आलेल्या, सगळ्या येतील. एकीचंही नाव गाळायचं असेल तर आपण वह्या घेऊन जा."

सोनबांनी बाईंकडे जरा वेळ बघितलं. "माझी बहीण हुती, मथुरा. तिला नवऱ्यानं टाकली. तिचं पयलं घाला."

वर्षभर काम चाललं. नावं, जुने फोटो, सगळं पानांत बसलं. गावच्या भैरवनाथाच्या यात्रेला पुस्तक वाटायचं ठरलं. शेवटची प्रुफं वाचून झाली तेव्हा बाई ऐटीत म्हणाल्या, "झालं, सोनबा. आता सगळं कॉम्प्युटरात आहे. वह्यांची गरज नाही." सोनबा वह्या आणि प्रुफांचा गठ्ठा पिशवीत घालून घेऊन गेले.

हे बोलणं बाईंना किती महागात पडणार होतं! गुरुवारी सोनबा आले आणि बाईंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. बाईंनी तो तोंडात टाकला आणि विचारलं, "कसला हो प्रसाद?"

"वह्या सोडल्या नदीत. प्रुफं बी सोडली. नारळ वाढवला. वाडवडलांची नावं हायेत, रद्दीवाल्याला कशी घालायची?"

खोबरं बाईंच्या घशात अडकलं. म्हणजे आता सोनबांच्या भावकीतल्या तीनशे घरांची माणसं जगात एकाच ठिकाणी होती, बाईंच्या जुन्या डब्यात. आणि शनिवारी त्या डब्यातून आवाज यायला लागला. कट्, कट्, कट्.

रविवारी सकाळी बाईंनी वरच्या मजल्यावरच्या योगेशला हाक मारली. योगेश मूळचा वर्ध्याचा, कंपनीत प्रोग्रॅमर, माणूस भला. आवाज ऐकूनच त्याचा चेहरा पडला. "काकू, आतली डिस्क जाऊन राहिली. आज आहे, उद्याचं सांगता येत नाही."

"मग डबा उघड आणि काढ बाहेर."

"मी सॉफ्टवेअरवाला ना. मी पेचकस हातात घेतला की आमची आई बाहेर जाऊन बसते."

दुरुस्तीवाल्याचं दुकान रविवारी बंद. योगेशचा पेनड्राइव्ह इवलासा, आणि फोटो पानांतच बसवलेले, त्यामुळे त्यात एक प्रकरणही मावेना. शेवटी तो वर जाऊन आपली बाहेरून लावायची हार्ड डिस्क घेऊन आला. वहीएवढी काळी डबी. केबल कुलपाच्या शेजारच्या भोकात लावली. डबीचा दिवा लागला, डबी गुणगुणली, आणि खट्! पडदा काळा. कॉम्प्युटर आपणहून पुन्हा सुरू झाला, आतली कटकट आणखी मोठी.

योगेशने काहीतरी बदललं, पुन्हा लावली. खट्! मग त्याने आणखी चार गोष्टी बदलल्या. पुन्हा खट्! या खेपेला कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं बाई देवाला काय काय कबूल करत होत्या ते देवच जाणे.

"हात काढ," बाई म्हणाल्या. "एका वेळी चार गोष्टी बदलतोस, चूक कुठली ते कळणार कसं? आम्ही छापखान्यात एक दुरुस्ती करायचो आणि एक प्रूफ काढायचो. तसं करू."

त्यांनी टिपून ठेवायला एक वही घेतली. त्याच भोकात पेनड्राइव्ह लावून बघितला. चालला. म्हणजे भोक ठीक. काळी डबी योगेशच्या लॅपटॉपला लावली. चालली. म्हणजे डबी ठीक, केबल ठीक. दोघंही ठणठणीत आणि एकत्र आले की भांडण! बाई डोळे मिटून बसल्या. यंत्रांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढलेले कान होते ते.

"योगेश, ती डबी लावली ना, की आधी याचा पंखा मंदावतो आणि मग पडदा जातो. पूर्वी आमच्या शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली की घरातला दिवा असाच मंद व्हायचा. तुझ्या डबीची भूक याच्यापेक्षा मोठी आहे." मग त्यांचं लक्ष केबलकडे गेलं. "आणि या केबलला हे दुसरं तोंड कशाला?"

केबलला डबीकडे एक टोक आणि कॉम्प्युटरकडे दोन होती. त्यातलं एक योगेशने रबर लावून गुंडाळून ठेवलं होतं. "ते एक्स्ट्रा आहे. माझ्या लॅपटॉपला लागत नाही."

"ओतणारा एकही खिळा उगीच ओतत नाही. कशाला आहे ते?"

योगेशने कपाळावर हात मारला. "काकू! ते जुन्या मशीनसाठीच असते. एका भोकातून वीज पुरत नाही म्हणून दोन्हीकडून घ्यायची. मी काय येडा आहे! लावा, लावा दुसऱ्या भोकात!"

आणि दोघंही डब्याच्या मागे वाकले. मागे भोकं दोनच होती. दुसऱ्यात कुलूप होतं.

"नुसतं काढून ठेवायचं," योगेश हळूच म्हणाला. "काही होत नाही त्याला."

"सकाळपासून तीनदा तू 'काही होत नाही' म्हणालास."

बाई नाड्यांकडे बघत राहिल्या. कुलूप गेलं तर पाटी उतरवायची. पंचावन्नाव्या वर्षी नवं सॉफ्टवेअर घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती. परत भावाच्या दारात जायचं, परत कुणीतरी पोळ्या मोजणार. आणि कुलूप नाही काढलं तर मथुरा गेली, सगळ्या जणी गेल्या. पुस्तकातून बाई नाहीशी कशी होते, हे विजयमालाबाईंइतकं कुणाला माहीत होतं?

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. कात्रीने एकेक नाडा कापला. कुंकवाचा पापुद्रा टेबलावर पडला. हात जोडले, कुलूप उपसलं आणि पदरात धरून ठेवलं. "लाव तुझं दुसरं तोंड."

कॉम्प्युटर सुरू झाला. डबी गुणगुणली. पंखा मंदावला नाही. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली आणि योगेश लहान मुलासारखा ओरडला. पट्टी कधी म्हणे चाळीस मिनिटं उरली, कधी म्हणे नऊ तास. बाईंनी पोहे केले. दोघांनी पट्टीवरची नजर न काढता खाल्ले. तीन तासांनी सगळं उतरलं. बाईंनी कॉम्प्युटर बंद करून कुलूप जागेवर लावलं, बटण दाबलं. कट्. मग काहीच नाही. डबा गेला होता.

"सीडी आहे ना सॉफ्टवेअरची?" योगेशने विचारलं. त्याने ती आपल्या लॅपटॉपवर चढवली आणि कुलूप लावायला हात पुढे केला. बाईंनी ते दिलं नाही, स्वतः लावलं. पडद्यावरचं वाळूचं घड्याळ फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आणि सॉफ्टवेअर उघडलं.

"बघा!" योगेश म्हणाला. "म्हणलं होतं ना?"

"चौथ्यांदा बरोबर आलं," बाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

संध्याकाळी त्यांनी सोनबांना बोलावून घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "वह्यांची गरज नाही असं मी म्हणाले. ती माझी घमेंड होती. आपली आठ वर्षं मी बुडवली असती."

सोनबा रागावले नाहीत. "मथी हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. बाईंनी लॅपटॉप वळवला. "मला न्हाई दिसत. वाचा," सोनबा म्हणाले.

बाई वाचू लागल्या. "मथुराबाई. सोनबांची धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी परत. शेतात भावांच्या बरोबरीने काम केले. शेवटपर्यंत घरची." हेच शब्द त्यांनी वर्षभरात कितीदा तरी तपासले होते. पण शेवटच्या शब्दाला आज त्या अडखळल्या.

सोनबांनी बंडीच्या खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला. मथुराबाईंच्या नोंदीचा, वहीतून फाडलेला. "समदं सोडलं नदीत. एवढं पान न्हाई सोडवलं हातातनं."

बाईंनी तो कागद दोन्ही हातांत घेतला. तेहतीस वर्षांत कुणालाही न सांगितलेलं त्यांच्या तोंडून निघून गेलं. "सोनबा, मलाही तीन वर्षांनीच पाठवलं होतं."

"ठावं हाय," सोनबा म्हणाले. "टाकलेल्या येतील म्हनालात ना पयल्या दिशी, तवाच कळलं. घोटभर च्या टाका आता, माय."