बसलेली फळी

ग्रीसचा वास आला की मला निर्वासितांच्या कॅम्पातली ती बराक आठवते. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं तेव्हा तिथं राहत होती. थोरल्या भावाला अंबरनाथच्या गॅरेजात हत्यारं ठेवायला लष्करी मोडीतलं रॅक हवं होतं. सकाळपासून उन्हात वणवण करून आमचे पाय थकले होते. एका बाईकडं तसं विकाऊ रॅक सापडलं. त्याला अजून ग्रीसचा वास येत होता आणि त्यावर अंथरुणं रचलेली होती. भावानं लाकूड ठोकून पाहिलं, वाळवी लागलीय का म्हणून सांध्यात नख रुतवलं. मधली फळी वाकलेली दिसली तसा किंमत पाडायला म्हणून कंटाळल्या सुरात म्हणाला, “बसलीय ही.” बाईला मराठी येत नव्हती, तिनं ‘बसणं’ एवढाच शब्द उचलला, वस्ती करून स्थिरावण्याच्या अर्थानं. “कहाँ बसे, बेटा?” ती थकून म्हणाली. “बच्चे अभी इसी पे सोते हैं. ले जाओ, नीचे सुला दूँगी.” भावाचा हात फळीवरून खाली आला. “राहू दे, माई,” एवढंच तो बोलला आणि आम्ही रिकामेच परतलो. आज माझ्या गॅरेजातलं रॅकही मधोमध झुकलंय. कुणी विचारलं तर मी वाकलंय म्हणतो. बसलंय म्हणवत नाही.