उलटा लागलेला कंपनीचा इतिहास

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी रोज हॅरोहून ट्रेनने लंडनमधल्या एका जपानी प्रकाशन कंपनीत जायचे. एका बड्या मीडिया ग्रुपने आम्हाला विकत घेतलं होतं आणि आमचं ऑफिस बंद होणार होतं. तरी जाता जाता कंपनीचा इतिहास वेबसाइटवर टाका, असा टोकियोचा हुकूम आला. म्हणजे मयताच्या घरी लग्नाचा अल्बम! मी धुसफुसत फोटोंचं ते जाडजूड पुस्तक स्कॅन केलं, पण आपल्या सवयीने, डावीकडून. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं, हे डोक्यातच आलं नाही.

सगळी नोकरी याच कंपनीत काढलेले आमचे जपानी साहेब स्क्रीनसमोर बसले. आधी काचेचा टॉवर आला, मग सिनेमाचा स्टुडिओ, मग मासिकांचा छापखाना. फोटोगणिक माणसं कमी होत गेली. शेवटी एक चिमुकलं दुकान आणि दारात पुस्तकांचे गठ्ठे बांधणारं तरुण जोडपं.

"सॉरी, उलटं लागलंय. लगेच बदलते," मी म्हणाले.

"आजचा दिवस राहू द्या," ते हळूच म्हणाले. "असं पाहिलं की वाटतं, दुकान अजून उघडायचंय."