क्रेनवाल्या काकांचा पिवळा दिवा

साहेबांच्या भाच्याचा सायरन असो की कुणाच्या जावयाचा लाल दिवा, मी वाहतूक हवालदार, सगळ्यांचे उतरवले. क्रेनवाल्या काकांना मात्र कधी टोकावं लागलं नाही. बंद पडलेली गाडी ओढतानाच पिवळा दिवा लावायचा, हा नियम त्यांनी तीस वर्षं पाळला. काल भर दुपारी त्यांची क्रेन रस्त्याकडेला रिकामीच उभी, आणि वर दिवा गरगरतोय! माझं डोकंच फिरलं.

“काका, या वयात ही थेरं?”

ते मान खाली घालून म्हणाले, “वाटलं, दिवा बघून कुणीतरी थांबेल. काय झालं, काका, म्हणून विचारेल. बायको गेल्यापासून घरी विचारणारं कुणी नाही रे.”

मी पावतीपुस्तक काढलं.

“सकाळपासून तू एकटाच थांबलास,” काका म्हणाले. “पावती जरा सावकाश फाड.”