वाट न बघणारं जनावर

भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, त्या वर्षांत माझी वाट पाहणाऱ्यांची काही कमी नव्हती. अडलेल्या बाळंतिणीच्या घरून बैलगाडी यायची, मी बॅग घेऊन चढून बसायचे, आणि गाव दिसायला लागलं की वेशीपाशी माणसं उभी असायची. "आल्या, आल्या, बाई आल्या" असा गलका व्हायचा. सासू पदराने डोळे पुसायची आणि बाळंतिणीचा नवरा उगाचच बैलांवर ओरडायचा. एवढं स्वागत माझ्या लग्नातसुद्धा कुणी केलं नव्हतं. माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याबद्दल एवढं पुरे.

मग बाळ रडायचं, आणि त्या क्षणापासून माझी कुणाला गरज उरायची नाही. चहा मिळायचा, चोळीचा खण मिळायचा, गाडी जुंपली जायची. भोकरदनला परतले की गल्लीच्या टोकाला माझी खोली आणि तिला लटकलेलं पितळी कुलूप. ते काढलं की आत तीच कोंदट हवा, आणि जाताना घाईत जमिनीवर राहून गेलेली वाटी, होती तिथेच. मला त्या वाटीचा भयंकर राग यायचा. ती जागची हलवायलासुद्धा या घरात कुणी नाही, असं मनात यायचं आणि मी ती उचलून आपटायचे. तिशी ओलांडलेली बाई वाटीवर राग काढते, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मला घरात कुणीतरी हवं होतं. माणूस काही मिळण्यातला नव्हता, तेव्हा जनावर पाळायचं मी ठरवलं.

समोरच्या घरात खाला राहायची, सगळ्या गल्लीची मावशी. साठीच्या पुढची, एकटी, तोंडाने फटकळ. तिचा एकुलता एक मुलगा अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत हैदराबादला गेला आणि तिथून पुढे कुठे गेला ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. रोज दुपारी मोटार यायच्या वेळेला खाला ओट्यावर सुपारी कातरत बसायची. मोटारीतून उतरलेली माणसं आमच्याच गल्लीतून बाजाराकडे जात. शेवटचा माणूस पुढे गेला की ती अडकित्ता मिटून आत जायची. माझ्या खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची, आणि माझ्यावर हुकूम चालवायचा हक्कसुद्धा.

"कुत्रं पाळते," मी तिला सांगितलं.

"बिलकुल न्हाई. आमच्यात कुत्रं चालत न्हाई ते येगळंच. पन तू चार-चार दिस भाईर. ते दारात पडून राहील, खानार न्हाई, पिनार न्हाई. मी त्याचं तोंड बघत बसू का?"

"मग पोपट?"

"त्याच्याहून वाईट. तुला हाका माराया शिकंल आन् तू नसताना मारत बसंल. मला इथं ऐकू येतं सगळं."

मांजराचा विषय निघालाच नाही, कारण मांजर दोन दिवसांत खालाच्या चुलीपाशी राहायला गेलं असतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. औषधं आणायला जालन्याला गेले तेव्हा एका रुईच्या व्यापाऱ्याच्या बैठकीत काचेच्या हंडीत लाल मासे पाहिले. फार देखणे होते. पण त्यांचं पाणी रोज बदलावं लागतं आणि उन्हाळ्यात ते तापलं की मासे उलटे होऊन तरंगतात, असं तिथल्या गड्याने सांगितलं. भोकरदनच्या उन्हाळ्यात माणसंच तेवढी उलटी व्हायची बाकी असायची. मासे बाद झाले.

मी हिरमुसून बसलेली पाहून खाला जरा मऊ झाली. "असं जनावर घे बेटी, जे वाट बघत न्हाई. खान्यापिन्याचं मी बघन, त्याचं काय न्हाई. पन वाट बघनाऱ्याचे लई हाल होतात. ते मला बघवत न्हाई."

मला तर नेमकं वाट बघणारंच कुणीतरी हवं होतं. पण ओट्यावर बसून सुपारी कातरणाऱ्या त्या बाईसमोर हे तोंडातून काढायची माझी छाती झाली नाही.

त्याच सुमारास एका लॉरी ड्रायव्हरची बायको माझ्या हातून सुखरूप बाळंत झाली. तो इकडून कापसाच्या गाठी घेऊन पार खाली कर्नूलकडे जायचा आणि येताना मिरची भरून आणायचा. एका खेपेला तो दवाखान्यात आला आणि त्याने पिशवीतून काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. ते कासव होतं, पण असलं कासव आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. पाठीवर काळे उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्यावर पिवळ्या रेघांची एकेक चांदणी.

"घरात कायतरी पाहिजे म्हनत व्हत्या ना बाई? हे घ्या. वरडत न्हाई, पळत न्हाई, पाला टाकला की झालं. न्हाई टाकला तरी आठ दिस काय म्हनत न्हाई. फकत पान्यात सोडू नका. हे कोरड्यातलं हाय."

घरी येऊन हे मी खालाला सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. कासव, आणि म्हणे कोरड्यातलं! आमच्याकडे कासव म्हणजे आडातलं. नवा आड खणला, पाणी लागलं, की पहिल्यांदा त्यात कासव आणून सोडायचं. ते किडेमुंग्या खाऊन पाणी साफ ठेवतं. आमच्या गल्लीच्या आडातही एक जुनं कासव होतं. बादली पाण्यावर आपटली की ते डोकं वर काढायचं आणि बाया त्याला भाकरीचा तुकडा टाकायच्या. दुसरं कासव देवळातलं, दगडाचं. याखेरीज तिसरं काही असतं हे ड्रायव्हरखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मी त्याला कोरड्यातच ठेवलं, कारण मला ते घरात हवं होतं.

सोय तर अगदी नामी झाली. घोळीची भाजी, काकडीची सालं, कधी झेंडूचं फूल. ते आपलं शांतपणे चावत बसायचं. मी नसले की खाला सकाळी दार उघडून पाला टाकायची आणि पुन्हा कुलूप लावायची. खाला त्याच्यावर खूश होती. "बराबर हाय हे. याला ना तुझं पडलं, ना माझं."

मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. परतले की ते खाटेखाली असायचं, मान आत ओढून. मी "आले रे" म्हणायचे. ते ढिम्म. पण वाटी मात्र आता जागेवर नसायची. कधी कोपऱ्यात ढकललेली, कधी पार चुलीपाशी. ती शोधायला मला आवडायला लागलं.

आणि एकदा कुलूप काढून दार ढकललं तर ते अर्ध्यात अडलं. हात घालून पाहिलं, तर कासव. उंबऱ्याला टेकून बसलेलं. मला वेड्यासारखा आनंद झाला. बॅग अंगणातच टाकून मी खालाला हाका मारत सुटले.

"उंबऱ्यापाशी गार लागतं म्हनून बसलं आसंल," खाला म्हणाली.

खरं तेच होतं. मी शिकलेली बाई, मला काय कळत नव्हतं? पण पुढच्या खेपेला दार पुन्हा अडलं, त्याच्या पुढच्या खेपेलाही अडलं, आणि मी परतताना गाडीवानाला "जल्दी हाका हो" म्हणायला लागले. गाडीवान हसायचे. बाईंच्या घरी कोण आहे एवढं, असं विचारायचे. आहे एकजण, मी म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात मला जाफराबादच्या पलीकडच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. जुळी होती. बाळंतपण पार पडलं, पण बाळंतिणीला ताप भरला आणि तो उतरेना. तिला टाकून निघणं मला शक्य नव्हतं. मी तिथेच राहिले. रोज उद्या निघू म्हणायचे आणि राहायचे. अखेर ताप उतरला. परतीच्या वाटेवर ऊन असं होतं की बैलसुद्धा सावली दिसली की थांबत होते, आणि माझं सगळं लक्ष त्या उंबऱ्यावर.

कुलूप काढलं. दार ढकललं. ते कुठेही न अडता सरळ भिंतीला जाऊन आदळलं.

मागे खाला येऊन उभी होती. "बेटी, मी त्याला आडात सोडलं."

मी तरी वाकून खाटेखाली पाहिलं.

"तू गेल्यापासून तिथंच बसून व्हतं. दाराला डोकं लावून. पाला टाकला, तोंड न्हाई लावलं. रोज दार उघडलं की माझ्याकडं बघायचं आन् तू न्हाईस म्हनून परत मान आत घ्यायचं. मला न्हाई बघवलं. मी म्हनलं, आडात आपलं जुनं हाय, त्याला सोबत व्हईल. दोघं राहतील. बादलीतून सोडलं तसं सरळ खाली गेलं बघ, घरी गेल्यावानी. बराबर केलं ना मी?"

आम्ही आडावर गेलो. मी वाकून हाक मारली. थोड्या वेळाने पाणी हललं आणि एक डोकं वर आलं. जुनंच होतं ते, गुळगुळीत काळ्या पाठीचं, पायांच्या बोटांत पडदे असलेलं. माझ्या कासवाचे पाय जाड, बत्त्यासारखे बोथट होते. त्या पायांनी काय पोहणार? ड्रायव्हरचं बोलणं मला आत्ता कळलं. आडाच्या तोंडावर वाकलेली असताना कळलं.

खाला आडात बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "ते बघा, आलं वर."

"तुझी चाहूल लागली त्याला," खाला म्हणाली आणि तिचा चेहरा असा सैल झाला की मी केलं ते बरंच केलं असं मला वाटलं. मग घरी येऊन दार लावलं आणि खूप रडले. वाटी जिथे ठेवली होती तिथेच होती.

त्यानंतर तो रिवाजच पडला. खेड्यावरून आले की बॅग हातात तशीच घेऊन मी आधी आडावर जायचे, वाकून हाक मारायचे. मागून खालाच्या सपाता वाजायच्या. ते जुनं कासव बिचारं भाकरीच्या आशेने वर यायचं. "चांदन्या दिसंनात गं त्याच्या," खाला एकदा म्हणाली. "पाण्याने काळ्या पडल्या," मी म्हणाले. आणखी एकदा तिने विचारलं, "वळखतं ना तुला?" मी सांगितलं, ओळखतं की. पुढे पुढे ती काही विचारेनाशी झाली. नुसती मागे उभी राहायची. मला हे नाटक कधी कधी नकोसं व्हायचं. पण म्हातारीच्या जिवाला तेवढंच, असं म्हणून मी रेटत राहिले.

मग काही वर्षांनी माझी परतूरला बदली झाली. मोटारीवर ट्रंक चढवायला माणूस पुढे गेला आणि मी शेवटचं एकदा आडावर गेले. खाला मागे होतीच. मी वाकले, हाक मारली.

"बस कर बेटी," खाला म्हणाली. "ते कवाच गेलं."

मी वाकलेली तशीच राहिले.

"त्याच उन्हाळ्याला गाळ काढला आडाचा, तवा निघालं. तू खेड्यावर गेल्ती. मी लिंबुनीखाली पुरलं त्याला. तुला कसं सांगू? तू येऊन हाका मारायचीस, तुला वाटायचं हाय म्हनून."

"मग खाला, इतकी वर्षं तुम्ही इथं माझ्यामागे कशाला यायच्या?"

तिने डोळ्यांना ओढणी लावली. "मोटारीतून माझं कुनी उतरत न्हाई. गाडीतून तू तर उतरायचीस. तू आलीस, हे बघाया यायची."

मोटारीचा भोंगा वाजला. मी तिला मिठी मारली. तिच्या अंगाला कातासुपारीचा वास होता. मिठीही दोघींना नीट जमली नाही, कारण बॅग माझ्या हातातच होती.

परतूरला खोली चांगली मिळाली, स्टेशनाजवळ, अंगणातच आड असलेली. पहिल्या बाळंतपणाहून परतले तेव्हा दुपार होती. बॅग हातात होती आणि पाय आपोआप आडाकडे वळले. मी वाकून हाक मारली. तिथेही एक कासव होतं. त्याने डोकं वर काढलं.

"ते बघा, आलं वर," मी मागे वळून म्हणाले.

मागे कुणी नव्हतं.